झाकणावरचं मीठ

वैशाखात दुपारी एक वाजता देवपुरात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. एकवीरा देवीच्या मंदिराकडचा पांझरेचा काठ तापून निघालेला असतो, वाळूवरची हवा थरथरताना दिसते आणि पारा ४२-४३ला टेकलेला असतो. अशाच एका दुपारी जेवण आटोपून, हात पुसत मी टाकीपुढे आलो आणि जागीच थांबलो. टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं.

टाकी म्हणजे माझी खाऱ्या पाण्याची टाकी. ३०० लिटरची. लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने तिच्यात साडेदहा किलो मीठ विरघळलेलं आहे. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरहून लांब, सुरतेच्या बाजूला. तो काही इथे यायचा नाही, म्हणून मी मीठ आणतो, आरओच्या पाण्यात घोळवतो आणि चार काचांच्या आत तो मांडून ठेवतो. शेजारचे जिभाऊ पहिल्यांदा हा खटाटोप बघायला आले तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, "हाई काय करी राह्यना भाऊ?" पाणी खारट करतोय, असं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. बरोबरच आहे. गोड्या पाण्याच्या एका पाळीसाठी रात्र-रात्र बांधावर जागलेला माणूस तो.

आईची तक्रार वेगळी. टाकीच्या झाकणावर, दिव्याच्या पट्टीवर, मागच्या वायरीवर दर चार दिवसांनी मिठाची पांढरी पापडी धरते. "पाणी आत, मीठ बाहेर. हे येतं कुठून?" ती फडकं ओलं करून पुसते आणि विचारते. बरेच दिवस माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं.

तर त्या दुपारी मी भिंग काढलं. दूध नव्हतंच. पाण्यात हवा होती. खसखशीहून बारीक बुडबुडे, हजारोंनी, आणि त्यातला एकही वर जायला तयार नव्हता. बुडबुडा म्हटला की तो सरळ वर धावणार अशी आपली समजूत. हे मात्र प्रवाह नेईल तिकडे निघाले होते, खाली, आडवे, खडकाला वळसा घालून. ज्यांची वाट खडकाशी संपली ते तिथेच चिकटले. जांभळट खडकावर मोत्यांचा चुरा शिंपडावा तसं दिसत होतं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या खडकावर ज्यांचा संसार होता त्यांचं मत निराळं होतं. एरवी रंगीत बटणांसारखे उघडे असणारे झोअँथिड मुठी आवळून बसले होते. लेदर कोरलची झुलणारी बोटं आत गेली होती आणि उरला होता नुसता चामड्यासारखा गुळगुळीत कातडा. (दगडी प्रवाळ माझ्याकडे नाहीत. रीफ बांधणाऱ्या सगळ्या दगडी प्रवाळांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत जागा आहे. ते घरात ठेवता येत नाहीत आणि येऊही नयेत. माझं सगळं मऊ प्रवाळांवर भागतं.)

भिंग तसंच धरून मी त्या कातड्याच्या कडेकडे पाहत राहिलो. तिथे एक बुडबुडा अडकला होता. थोड्या वेळाने प्रवाळाने त्याच्याभोवती शेंबडासारखा पातळ, पारदर्शक पदर सोडला. पदर लांबला, त्याचा धागा झाला, धागा पाण्यात हेलकावत राहिला आणि शेवटी बुडबुड्यासकट सुटून वर निघून गेला. तोवर त्याच जागी आणखी तीन येऊन बसले होते. ना डोळे, ना हात. नको असलेली वस्तू अंगावरून उतरवायचा एवढाच एक मार्ग त्या जिवाकडे, आणि त्याचा शेंबूड काही फुकट तयार होत नाही. त्याला त्याचं अन्न लागतं. खऱ्या समुद्रात लाट फुटते तेव्हा रीफवरही असाच बुडबुड्यांचा लोंढा उतरतो, पण लाट परतते, पाणी निवळतं, पुढची लाट येईपर्यंत श्वास घ्यायला उसंत मिळते. माझ्या टाकीत लाट परतत नव्हती.

स्पंजांचं तर आणखी अवघड. स्पंज म्हणजे जिवंत नळ्यांचं जाळं. पाणी एका भोकातून आत ओढायचं, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं आणि दुसऱ्या भोकातून सोडून द्यायचं. त्या नळीत हवा अडकली की पाणी थांबतं आणि तेवढा भाग आतल्या आत कुजतो. म्हणून स्पंज पाण्याबाहेर काढू नये, असं जुने टाकीवाले बजावतात. आणि पंपाने हवा नुसती मिसळली नाही, दाबाखाली पाण्यात कोंबली, तर माशांच्या रक्तात नेमाहून जास्त वायू विरघळतो आणि मग तो डोळ्यांमागे, परांच्या पापुद्र्यात बुडबुडे होऊन बाहेर येतो. माझ्या दोन्ही क्लाऊनफिशचे डोळे मी टॉर्च लावून तपासले. ठीक होते. ते मात्र चिडून माझ्या बोटावर धावून आले.

कारण सापडायला दीड तास गेला आणि सापडल्यावर हसू आलं. टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. खानदेशच्या उन्हाने त्या संपातलं पाणी दोन बोटं खाली नेलं होतं. मीठ उडत नाही, पाणी तेवढं उडतं. पातळी उतरली तसा पंपाच्या तोंडापाशी एक इवलासा भोवरा तयार झाला होता. वरून करंगळीएवढा, खाली शेपूट दोऱ्यासारखं बारीक, आणि ते शेपूट थेट पंपाच्या तोंडात. पंप पाण्याबरोबर हवा गिळत होता आणि तिचं पीठ करून वर पाठवत होता. मी दोन तांबे गोडं पाणी ओतलं. भोवरा डगमगला, शेपूट तुटलं, मिटला. पंपाचा घसा खरखरायचा थांबला.

पाण्याच्या नळीत शिरलेली हवा हे तसं आमच्या पांझरेचं जुनं दुखणं असणार. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हाच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे साक्री तालुक्यात दातर्तीजवळ याच पांझरेच्या पात्राखालून पाणी पलीकडे नेणारा नळांचा सायफन. तेविशी-चोविशीतल्या त्या इंजिनिअरला भर पुराच्या दिवसांत ते काम करावं लागलं होतं. कपाटापुढे उकिडवं बसून, नळीचे सांधे ओल्या बोटाने चाचपडताना मला उगाचच त्यांची आठवण झाली. माणसाने मोठं काही डोळ्यांपुढे ठेवलं की कपाटातली घाण उपसायलाही बळ येतं.

संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं, पण सावकाश. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर चढतो, आणि टाकीतला प्रवाह त्याच्या कित्येक पट वेगाने त्याला फिरवत असतो. त्यातले पुष्कळ वर पोचतच नाहीत. बुडबुडा जितका लहान तितका त्याच्या आतला दाब जास्त. तो आपली हवा हळूहळू भोवतीच्या पाण्यात सोडतो, आक्रसत जातो आणि न फुटताच नाहीसा होतो. गोड्या पाण्यात असा धुरळा टिकत नाही. खात्री करायची असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या, दोन्हींत अर्धं पाणी भरा, एकीत चार चमचे मीठ विरघळवा आणि दोन्ही जोराने हलवून खिडकीत धरा. साध्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांना भेटले की एक होतात, मोठे होतात आणि झटकन वर जातात. खाऱ्या पाण्यात मीठ त्यांना एक होऊ देत नाही. ते शेजारी शेजारी येतात, टेकतात आणि तसेच वेगळे राहतात. समुद्राचा फेस इतका पांढरा आणि इतका बारीक असतो तो यामुळे.

बुडबुड्याला आपल्या बोलीत चांगलं नाव नाही. कीर्तनात तो क्षणभंगुरतेचा दाखला, बाजारात तो फसवणुकीचा. हातात धरता येत नाही, म्हणून कामाचा नाही असं आपण ठरवून टाकलं. माझी टाकी मात्र त्याच्याच कामावर जगते. संपाच्या एका कोपऱ्यात उभी नळकांडी आहे, तिला स्किमर म्हणतात. तिच्यात मुद्दाम, अगदी मुद्दाम, असेच बारीक बुडबुडे सोडलेले असतात. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, प्रवाळांचा तोच शेंबूड, असं जे जे पाण्यात विरघळून सडणार असतं, त्यातलं बरंचसं हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेला जाऊन चिकटतं. बुडबुडा म्हणजे नुसती सीमाच. तो वर चढताना अंगाला घाण लावून घेतो, वर फेस साचतो, फेस कपात सांडतो आणि सकाळी मी कडक चहासारखं काळपट, घाण वासाचं पाणी ओतून देतो. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चीक टाकून वर आलेली मळी झाऱ्याने काढतात, तीच ही रीत. फक्त इथे चूल नाही.

आणि रात्री तर तो प्राणच. खारं पाणी गोड्या पाण्याहून कमी ऑक्सिजन धरतं. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, तर खाऱ्यात पावणेसातच्या आसपास. वळवाच्या वाऱ्याने वीज गेली की पंप थांबतो आणि तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. मग बॅटरीवरची छोटी हवापेटी काढायची, नळी पाण्यात सोडायची. अंधारात तिची गुणगुण आणि बुडबुड्यांची बुडबुड ऐकत मी कित्येक रात्री खुर्चीत पेंगलो आहे. दुपारी ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच आवाजावर रात्री डोळा लागायचा.

सगळे बुडबुडे पंपाचे नसतात. दिवा पुरता तेजाळला की भर दुपारी मागच्या काचेवरच्या हिरव्या शेवाळाच्या टोकाटोकाला टाचणीच्या माथ्याएवढे मणी धरतात. ही हवा कुणी आत सोडलेली नसते. पाणी ऑक्सिजनने काठोकाठ भरतं आणि शेवाळ तरीही बनवतच राहतं, तेव्हा जास्तीचा असा मणी होऊन बाहेर येतो. एखादा सुटतो, वर जाऊन फुटतो आणि माझ्या खोलीच्या हवेत मिसळतो. पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा पहिल्यांदा अशीच, पाण्यातल्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या जिवांनी, अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या आगेमागे साठवायला घेतली. मी त्या मण्यांची छायाचित्रं काढायचं सोडून दिलं आहे. नुसता बघतो.

पहिला समुद्रही मी काचेआडूनच पाहिला होता. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून मुंबईची गाडी, आणि मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं. वडिलांना वाटत होतं मी कासव बघतोय. मी टाकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी बुडबुड्यांची माळ बघत होतो. बाहेर रस्ता ओलांडला की खरा समुद्र होता, पण तो फार मोठा होता, त्यात नक्की काय बघायचं ते कळेना.

जिभाऊंना बुडबुडे डोळ्यांनी कळत नाहीत, कानाने कळतात. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत, त्यांच्यावर फड पद्धतीने शेती भिजते. बंधाऱ्याला अडलेलं पाणी पाटात, पाटातून चाऱ्यांत, आणि एकेका फडात सगळ्यांचं पीक एक. शेकडो वर्षांची वहिवाट. जिभाऊ तरुणपणी गावाकडे पाटकऱ्याच्या हाताखाली होते. रात्री खाटेवर पडल्या पडल्या बंधाऱ्यावरून सांडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून ते सांगायचे, वर पाऊस झाला की नाही. आवाज जाड झाला, म्हणजे पिंपळनेरच्या अंगाला बरसलं. मला ही थाप वाटायची. पुढे वाचनात आलं की मार्सेल मिनार्ट नावाच्या डच खगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली हेच गणिताने मांडलं आहे. वाहत्या पाण्याची खळखळ दगडांची नाही आणि बरीचशी पाण्याचीही नाही. पाण्यात कोंडलेली हवा घंटीसारखी वाजते. बुडबुडा लहान तर सूर बारीक, मोठा तर खर्जातला. मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढा, म्हणजे दोन मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला तीन हजारांहून जास्त वेळा थरथरतो. पाणी वाढलं, जोराने कोसळलं, की मोठे बुडबुडे कोंडले जातात आणि आवाज जाड होतो. जिभाऊंना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग मी काय सांगत होतो?"

टाकीशेजारच्या फळीवर एक दगड आहे, पांझरेच्या पात्रातून उचललेला. काळा, जड, आणि अंगभर भोकं. दख्खनच्या लाव्हाचा तुकडा, सहा कोटी साठ लाख वर्षांमागचा. लाव्हा पसरत असताना त्यातले वायू वर निघाले होते, अगदी माझ्या टाकीतल्यासारखे. काही निसटले, उरलेल्यांना वर पोचायच्या आत दगड थिजला. म्हणून लाव्हाच्या थराच्या माथ्याकडे अशी भोकं दाट असतात. कित्येक भोकं लांबट आहेत, लाव्हा वाहत होता त्या दिशेला ताणलेली. पुढे पाणी झिरपत राहिलं आणि त्या रिकाम्या जागांत झिओलाइटचे पांढरे, गुलाबी स्फटिक वाढले. एका भोकात तर स्फटिकांचं फूलच आहे, करंगळीचं टोक आत मावत नाही म्हणून शाबूत राहिलेलं. त्याहीआधी, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, समुद्राचा एक हात सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या परिसरात त्याची चुनखडी आजही उघडी आहे. जुन्या भूशास्त्रज्ञांनी तिच्यातल्या एका थराला प्रवाळांचा चुनखडक म्हटलं. नीट पाहिलं तर त्यात प्रवाळ थोडे, ब्रायोझोआ नावाचे दुसरेच इवलेसे वसाहती जीव जास्त. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या बुडबुड्यांच्या दुपारीच मिळालं. टाकीवर दिवा आडवा टाकला, मागे काळं कापड धरलं आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणले. बुडबुडा वर आला. क्षणभर पृष्ठभागाखाली टेकून राहिला, डोक्यावर पाण्याचं पातळ पटल घेऊन. पटल फाटलं. त्याच्या जागी पाण्यात एक खळगी उरली, ती चारी बाजूंनी मिटली, आणि मिटताना तिच्या तळातून सुईसारखी धार वर उसळली. धारेचे थेंब तुटले, दिव्याच्या उजेडात ठिणग्यांसारखे उडाले आणि झाकणाला जाऊन लागले. दिसायला एवढंच. थेंबातलं पाणी खोलीच्या कोरड्या हवेत विरलं, मीठ झाकणावर राहिलं.

खुल्या समुद्रावर झाकण नसतं. तिथे लाट फुटते, प्रत्येक लाटेत अगणित बुडबुडे कोंडले जातात, वर येऊन फुटतात आणि त्यांच्या सुयांवरून मिठाचे कण वाऱ्यावर जातात. डंकन ब्लँचर्ड आणि आल्फ्रेड वुडकॉक या दोघांनी १९५७ साली याच विषयावर शोधनिबंध लिहिला. समुद्रातला बुडबुडा आणि वरचं हवामान यांचं नातं त्यात त्यांनी तपासलं. निव्वळ वाफेला आपण होऊन थेंब होता येत नाही. तिला बसायला काहीतरी लागतं. धूळ चालते, धूर चालतो, गंधकाचे कण चालतात. पण मिठाचा ठसठशीत कण पाणी ओढून घेण्यात साऱ्यांच्या पुढे. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्र घुसळतो तेव्हा ढगांची बी अशी पेरली जाते. ते ढग आधी सह्याद्रीवर रिते होतात. घाट ओलांडून जे उरेल ते आमचं, वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर. त्यावर कपाशी, त्यावर बाजरी, त्यावर पांझरेचे बंधारे, आणि पांझरेतून तापीत आणि तापीतून सुरतेपाशी पुन्हा त्याच खाऱ्या पाण्यात.

हे सगळं आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फडकं माझ्या हातात दिलं.

त्या वर्षी मृग कोरडाच चालला होता. एके दिवशी चारच्या सुमाराला वारा पडला. कूलर असूनही अंगाला घाम चिकटायला लागला. जिभाऊ ओट्यावर येऊन टेकले, आभाळाकडे बघत काही बोलेनात. मी टाकीचं झाकण उचलायला गेलो तर बोटं ओली झाली. वर पाणी सांडलं म्हणावं तर पातळी जिथल्या तिथे. एप्रिल-मेभर खरखरीत, पांढरी, नखाने खरवडावी लागणारी ती मिठाची पापडी आता काचेसारखी चकाकत होती. कडेला थेंब जमले होते. मी बघत असताना त्यातला एक फुगला, शेजारच्याला टेकला आणि दोघांचा एक होऊन काचेवरून ओघळला.

आतून आईने हाक मारली, "अरे, बरणीतल्या मिठालाही पाणी सुटलंय."